शिकारीच्या सहलीतली बक्षिशी: दहा टक्के कशाचे?

डॅलसवासी: नामिबियात दहा दिवस शिकारीला जाऊन आलो. आमच्यातल्या अमेरिकन मंडळींनी एकूण बिलाच्या दहा टक्के रक्कम टिप म्हणून दिली, मीही दिली. त्याच खासगी शिकारशेतावर उतरलेल्या दोघा मराठी बांधवांनी मात्र निघताना मार्गदर्शकाला हात जोडून धन्यवाद दिले आणि ते गाडीत बसले. परदेशात आपले नाव खराब होते ते असे.

जोबर्गकर: हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. शिकारीच्या बिलात दिवसाचा दर वेगळा असतो आणि मारलेल्या प्रत्येक जनावराचे शुल्क वेगळे असते. कुडू या मोठ्या हरणाचे शुल्क वॉर्टहॉग या रानडुकराच्या कितीतरी पट असते, पण माग काढणाऱ्याचे पाय दोन्ही वेळा तितकेच भाजतात. मग एकूण बिलावर टक्के कसले काढता? गेल्या जूनमध्ये नामिबियातल्या ओट्जिवारोंगो गावाजवळ माझी गोळी एका गेम्सबॉकच्या (लांब शिंगांच्या हरणाच्या) पोटात, जरा मागेच लागली. रक्त सांडले की जनावर मिळो न मिळो, पैसे भरावेच लागतात, हा तिकडचा रिवाज आपल्याला ठाऊकच आहे. आमचा माग काढणारा लाल खडीवरचा वाटाण्याएवढा थेंब अंगठ्याने चोळून तो ओला आहे की भुकटी होते हे बघायचा आणि पुढे चालू लागायचा. असे दुपारी तीनपर्यंत चालले, तेव्हा कुठे ते जनावर एका बाभळीखाली सापडले. त्या माणसाच्या हातात मी स्वतः नोटा ठेवल्या. त्या टक्क्यांत बसणाऱ्या नव्हत्या, आणि किती होत्या हे मी इथे सांगणार नाही.

डॅलसवासी: आपण उदार आहात हे कळले. मात्र अमेरिकेत टिप मिळवणाऱ्या कामगाराचे केंद्रीय किमान वेतन 1991 पासून ताशी 2.13 डॉलरवरच अडकून पडले आहे, त्यामुळे आमचा हात आपोआप खिशाकडे जातो. ही सवय वाईट असेल, तर हात जोडून निघून जाणे चांगले कसे?

जोबर्गकर: तुमच्याकडच्या मालकांनी पगार बुडवला, म्हणून सगळ्या जगाने तीच रीत उचलावी काय? नामिबियात 2025 पासून राष्ट्रीय किमान वेतन लागू झाले आहे, शेतमजुरांना मात्र ते टप्प्याटप्प्यानेच मिळणार आहे. तुमच्या दहा टक्क्यांच्या भरवशावर उद्या तिथला मालकही पगारवाढ टाळू लागेल.

शाकाहारी पुणेकर: ज्या गोष्टीला आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लगाम घातला, ती परदेशात जाऊन करायची आणि वर बक्षिशीचा शिष्टाचार शिकवायचा, हे अजबच आहे.

जोबर्गकर: तो वाद मोठा आहे आणि तो वेगळा मांडावा. इथे प्रश्न कातडी सोलणाऱ्याच्या पोटाचा आहे.

एल्बेकाठची: दोघेही एक गोष्ट विसरत आहात. स्कॉटलंडमध्ये पाहुणा निघताना शिकारराख्याशी (शिकारीचे रान सांभाळणाऱ्या नोकराशी) हस्तांदोलन करतो आणि घडी घातलेली नोट तळहातातून तळहातात जाते, बघणाऱ्याला काही कळतही नाही. इकडे जर्मनीत वाटाड्या झाडाची डहाळी शिकाऱ्याच्या टोपीत खोचायला देतो, आणि तो जमिनीचा मालक असेल तर त्याला पैसे देणे जवळजवळ अपमानच मानतात. नामिबियातली कित्येक शिकारशेते जर्मन वंशाच्या कुटुंबांची आहेत, आणि तिथे मालक स्वतःच बंदूक घेऊन आपल्याबरोबर चालतो. त्याला टिप कशी देणार?

मिरजकर आजोबा: कोल्हापूर दरबारात चित्त्यांकडून शिकार करवीत, तेव्हा चित्तेवान हे दरबारचे नोकर असत. खूश होऊन दिलेली बिदागी ही पगारावरची असे, पगाराच्या जागी नसे. आपली दिवाळीची पोस्तही तशीच होती, पण आता आमच्या सोसायटीत लिफ्टवाला पोस्तीची यादी दारावर चिकटवतो आणि मागच्या वर्षी कोणी किती दिले तेही लिहितो! हक्काने मागितली की ती बक्षिशी उरत नाही, ती वर्गणी होते.

डॅलसवासी: आजोबा, यादी चिकटवली म्हणून निदान पैसे कोणाला जातात ते तरी कळते. आमच्या शेतावरच्या जेवणघरात टिपची एकच पेटी होती. माग काढणारा, स्वयंपाकीण, कपडे धुणारी आणि रात्री अकरापर्यंत दिव्याखाली कातडी सोलून मीठ चोळणारा पोरगा, या सगळ्यांची मिळून एकच. मी माझी सगळी रक्कम मार्गदर्शकाच्या हातात दिली. त्यातले त्या पोराला काय मिळाले, हे मी विचारले नाही. एवढी चूक मान्य करतो, टक्क्यांची करत नाही.

हात जोडणारा: त्या दोघांपैकी एक मी. आमचा मार्गदर्शक हा शेताचा मालकच होता, म्हणून त्याला फक्त नमस्कार केला. बाकीच्यांचे पैसे आदल्या रात्री पेटीत टाकले होते, आणि सोलणाऱ्या पोराचे शेडवर जाऊन त्याच्या हातात दिले होते. तेव्हा आपण शेकोटीपाशी बिअर पीत बसला होतात.

डॅलसवासी: तसे असेल तर शब्द मागे घेतो. तरी पेटीत नेमके किती टाकलेत, हे कळले असते तर बरे झाले असते.

मिरजकर आजोबा: आमचा लिफ्टवालाही अगदी हेच म्हणतो.