गिझरवर २००० वॅट लिहिले आहे, पण हिशेब १३६८ वॅटचाच येतो. कॉइल खराब झाली आहे का?

प्रश्न

नमस्कार. आमचे घर गावातल्या विजेच्या लाइनच्या अगदी शेवटच्या खांबावर आहे. न्हाणीघरात १५ लिटरचा गिझर असून त्याच्या पट्टीवर २३० व्होल्ट, २००० वॅट असे छापलेले आहे. अलीकडे पाणी तापायला फार वेळ लागतो, म्हणून वायरमनकडून मोजून घेतले. गिझर चालू असताना सॉकेटमध्ये १९० व्होल्ट मिळाले आणि क्लॅम्प मीटरवर ७.२ अँपिअर दिसले, म्हणजे दोन्हींचा गुणाकार १३६८ वॅट. २००० ला १९० ने भागले तर १०.५ अँपिअर यायला हवेत असे मला वाटते. मग उरलेला करंट कुठे गेला? नवी कॉइल घ्यावी का?

दुसरी शंका अशी, की घरातल्या जुन्या १०० वॅटच्या पिवळ्या बल्बचा रोध गणिताने ५२९ ओहम येतो, पण मल्टिमीटर सुमारे ४० ओहमच दाखवतो. यातले खरे कोणते मानायचे?

उत्तर १

आपली कॉइल उत्तम स्थितीत आहे, कृपया ती बदलू नये. चूक फक्त भागाकारात झाली आहे. पट्टीवरचे २००० वॅट पट्टीवरच्याच २३० व्होल्टना लागू असतात. ते उचलून १९० व्होल्टशी जोडता येत नाहीत. व्होल्टेज बदलले तरी जवळजवळ स्थिर राहतो तो कॉइलचा रोध, त्यामुळे हिशेबाची सुरुवात नेहमी तिथून करावी.

पट्टीवरून २००० भागिले २३० म्हणजे ८.७ अँपिअर, आणि २३० भागिले ८.७ म्हणजे सुमारे २६.४ ओहम. आता आपले मोजमाप घ्या: १९० भागिले ७.२ हेही २६.४ ओहमच येते. दोन्ही वाटांनी एकच रोध आला, याचाच अर्थ कॉइल शाबूत आहे. मात्र शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्टेज सुमारे १७ टक्के कमी झाले, पण शक्ती जवळजवळ ३२ टक्क्यांनी घटून १३६८ वॅटवर आली. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २००० वॅटने अठरा मिनिटे लागतात, तिथे आता सत्तावीस मिनिटे लागतील. बिलात मात्र फारसा फरक पडणार नाही, कारण तेवढ्या पाण्याला दोन्ही वेळा सुमारे ०.६१ युनिटच लागते. हळू तापताना टाकीतून थोडी अधिक उष्णता बाहेर जाते, इतकेच.

बल्बच्या बाबतीत दोन्ही आकडे खरे आहेत. करंट व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो, हा ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम तापमान स्थिर असेल तरच सरळ लागू पडतो. मल्टिमीटरने आपण थंड तार मोजली. पेटलेल्या बल्बातली टंगस्टनची तार दोन हजार अंशांच्याही वर तापलेली असते आणि तिचा रोध तेरा-चौदा पट वाढलेला असतो. म्हणूनच बटण दाबल्याच्या क्षणी तो बल्ब पाच अँपिअरहून अधिक करंट ओढतो, आणि जुने बल्ब बहुधा लावतानाच जातात. गिझरच्या कॉइलमधल्या मिश्रधातूचा रोध तापल्यावर फारसा बदलत नाही, म्हणून तिथे हा घोळ दिसला नाही.

उत्तर २

वरील उत्तर बरोबर आहे, पण मला काळजी वेगळीच वाटते. गिझर बंद असताना सॉकेटमध्ये किती व्होल्ट मिळतात? आणि मीटरजवळच्या बोर्डावर गिझर बंद असताना किती, चालू असताना किती? हे चारही आकडे वायरमनकडूनच मोजून घ्या, स्वतः चालू सॉकेटला हात लावू नका.

प्रश्नकर्ता

आज मोजून घेतले. गिझर बंद असताना दोन्हीकडे १९८ व्होल्ट आहेत. चालू केल्यावर बोर्डावर १९६ आणि सॉकेटमध्ये १९०. बोर्डापासून न्हाणीघर १२ मीटरवर आहे, वायर तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची आहे. प्लगची एक पिन किंचित काळी पडलेली आहे.

उत्तर २

शंका होती तेच आहे. त्या वायरच्या जाऊन-येऊन २४ मीटरचा रोध जेमतेम ०.१८ ओहम असतो, म्हणजे ७.२ अँपिअरला १.३ व्होल्ट पडायला हवेत. आपल्याकडे ६ पडत आहेत. उरलेले ४.७ व्होल्ट बहुधा एखाद्या सैल जोडावर जात आहेत, आणि ४.७ गुणिले ७.२ म्हणजे जवळपास ३४ वॅट उष्णता त्या इवल्याशा जागेत साठत आहे. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने शिसे-कथील वितळते, यावरून अंदाज करा. काळी पिन त्याचीच खूण आहे. दुरुस्ती होईपर्यंत गिझर लावू नका.

उत्तर ३

एक पुस्ती जोडतो. हाच हिशेब कोणी विहिरीच्या पंपाला लावू नये. मोटारीत व्होल्ट गुणिले अँपिअर केल्यास खऱ्या वॅटपेक्षा मोठा आकडा येतो, कारण तिथे पॉवर फॅक्टरनेही (त्या गुणाकाराचा किती भाग खरे वॅट असतो, ते सांगणाऱ्या आकड्याने) गुणावे लागते. शिवाय भार तोच असताना व्होल्टेज उतरले, की मोटार उलट जास्त करंट ओढते आणि तापते.

प्रश्नकर्ता

मेन स्विच बंद करून सॉकेट उघडला. मागचा एक स्क्रू बोटाने फिरेल इतका सैल होता आणि त्या टोकाचे वायरचे आवरण करपून कडक झाले होते. टोक कापून नवा १६ अँपिअरचा सॉकेट आणि प्लग बसवला. आता चालू गिझरवर १९५ व्होल्ट आणि ७.४ अँपिअर मिळतात, म्हणजे १४४३ वॅट. रोध पुन्हा २६.४ ओहमच. खांबावरून येणाऱ्या कमी व्होल्टेजचा लेखी अर्ज उद्या वीज कार्यालयात देतो.