नवीन पीसी जोडला, पंखे फिरतात पण डिस्प्लेच नाही. नाशकात कुठे दाखवू?

सिडकोकर:
मंडळी मदत करा, कालपासून डोकं चालेनासं झालंय. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः पीसी असेंबल केला. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० मदरबोर्ड, डीडीआर५ ६००० ची ३२ जीबी रॅम (१६ च्या दोन स्टिक), एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) नवा ६५० वॅटचा, ग्राफिक कार्ड तेवढं जुन्या मशीनमधलं. माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणला, सकाळी पंचवटी एक्सप्रेसने गेलो आणि संध्याकाळी तिनेच परत, बोर्डाचा खोका नाशिकरोडपर्यंत मांडीवर धरून.
बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात, रंगीबेरंगी लाइटी लागतात, मॉनिटरवर मात्र नो सिग्नल. दोन मिनिटं बघतो, मग काहीतरी जळेल या भीतीने बटण दाबून धरून बंद करतो. वीसेक वेळा तरी केलं असेल. आई म्हणाली एवढ्या पैशांत दिवाळीची माळच आणलीस होय. दुकानदाराला फोन केला तर म्हणे बोर्ड गेला असेल, घेऊन या. आता पुन्हा मुंबई कुठे करू? एमजी रोडला किंवा कॉलेज रोडकडे कोणी नीट चेक करून देणारं असेल तर सुचवा.

वायरमन_नाना:
दुकानाचं नंतर बघू. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरची ८ पिनची वायर वेगळी लागते, ती लावली का? ती राहिली तरी पंखे फिरतात, म्हणून तर माणूस फसतो. ती ४+४ अशी दोन तुकड्यांत येते, ६+२ वाली ग्राफिक कार्डाची. दोघी दिसायला सख्ख्या बहिणी पण खाचा वेगळ्या, जोर करून कोंबू नका.
अजून एक, कॅबिनेटमधले पितळी स्टँडऑफ (ज्यांवर बोर्ड स्क्रूने बसतो ते) मोजा. माझ्या भाच्याने एक जास्तीचा तसाच ठेवला होता, तो बोर्डाला मागून टेकत होता, आम्ही दोन दिवस एसएमपीएसला शिव्या घालत बसलो.

तर्री_जास्त:
एचडीएमआय कुठे लावलीय, बोर्डाला की कार्डाला? कार्ड बसवलेलं असताना केबल कार्डालाच लावायची. त्यापेक्षा सरळ कार्ड काढून ठेवा आणि केबल बोर्डाच्या मागे लावून बघा, ७६०० ला स्वतःचा डिस्प्ले आहे. जुना ५६०० असता तर हे जमलं नसतं, त्या पिढीत ५६००जी सारखं मागे जी असलं तरच डिस्प्ले मिळतो.

गंगापूररोडवाली:
माझ्या मते एसएमपीएस बदलून बघा, ९० टक्के तोच असतो.

वायरमन_नाना:
ताई, हे ९० टक्के कुठून आणले? पंखे, लाइटी सगळं चालू राहतंय, मधेच बंद पडत नाहीये, मग पहिला संशय त्याच्यावर कशाला? नवीन वस्तू अंदाजाने बदलत सुटलं की खिसाच रिकामा होतो.

सिडकोकर:
नाना, ८ पिन बरोबर बसलीय, खटका ऐकू येईपर्यंत दाबली. स्टँडऑफ ९ आणि स्क्रूही ९. कार्ड काढलं, केबल बोर्डाला लावली, तरी तेच. पण आता कार्ड नसल्यामुळे दिसलं, बोर्डाच्या कडेला चार बारीक लाइट आहेत, त्यातला डीरॅम लिहिलेला पिवळा लागून राहतो. म्हणजे रॅम गेली का हो?

रॅमभरोसे:
थांबा थांबा, रॅम गेली नाही, तुम्ही तिला वेळच देत नाही आहात. एएम५ (तुमच्या ७६०० चं सॉकेट) बोर्डावर डीडीआर५ पहिल्यांदा चालू होताना बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतं, म्हणजे सिग्नलची वेळ आणि व्होल्टेज किती ठेवलं की ती नीट बोलते ते तपासत बसतं. तेवढा वेळ स्क्रीन काळीच राहते आणि तो पिवळा लाइटही लागलेलाच असतो, कधी कधी मशीन आपोआप बंद होऊन परतही चालू होतं. कित्येक मिनिटं जातात यात, आणि तुम्ही दर दोन मिनिटांनी बंद करताय म्हणजे त्याला दर वेळी पहिलीपासून बसवताय.
आणि स्टिक कुठल्या स्लॉटमध्ये आहेत? प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा हवा.

सिडकोकर:
पहिला आणि दुसरा 🙈 शेजारी शेजारी बऱ्या दिसत होत्या.

रॅमभरोसे:
बरं दिसणं राहू द्या. मागचं स्विच बंद, केबल काढा, बोर्डावरचा रुपयाएवढा सेल (सीआर२०३२) पाच मिनिटं काढून परत बसवा, म्हणजे जुन्या सेटिंग पुसल्या जातील. आधी एकच स्टिक प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटला लावा, दोन्ही टोकं नीट बसली ना बघा. चालू करा आणि पंधरा मिनिटं त्या खोलीत जाऊच नका, मिसळ खाऊन या. नाही चालली तर दुसरी स्टिक त्याच जागी. दोन्ही वेगवेगळ्या लावूनही पिवळाच राहिला तर मग बोर्ड किंवा प्रोसेसर, आणि तेव्हा दुकान.
एमजी रोडला गेलातच तर आधी विचारा की त्यांच्याकडे टेस्टिंगला डीडीआर५ आणि एएम५ बोर्ड आहे का. डीडीआर४ वाल्याकडे नेऊन उपयोग नाही, खाचच जुळत नाही. आणि प्रोसेसरचं सॉकेट उघडू देऊ नका, एएम५ च्या पिना प्रोसेसरला नाही, बोर्डाला असतात, एक वाकली की वॉरंटीचं भांडण तुमच्या गळ्यात.

सिडकोकर:
आलाााा! एका स्टिकवर सहाव्या मिनिटाला बायोसची (बोर्डाच्या सेटिंगची) स्क्रीन आली, मी दाराच्या फटीतून बघत होतो. मग दोन्ही लावल्या, दुसऱ्या-चौथ्यात, परत चारेक मिनिटं काळं आणि मग ३२ जीबी दिसली. पण स्पीड ४८०० दाखवतोय, मी तर ६००० ची घेतली ना?

तर्री_जास्त:
बायोसमध्ये एक्स्पो नावाचं सेटिंग आहे ते ऑन करा, ते केल्याशिवाय ती ६००० ला धावत नाही. सेव्ह केल्यावर परत ट्रेनिंग होईल, परत स्क्रीन काळी.

सिडकोकर:
केलं. काळी झालीय. हात पाठीमागे बांधून बसलोय.