परिविक्षेवरच्या मुलाकडे 'लक्ष ठेवायला' बोलावलंय, जावं का?

माजी_हेडसर, सांगली:
नमस्कार मंडळी. निवृत्त मुख्याध्यापक आहे. इथल्या एका संस्थेनं विचारलंय, बाल न्याय मंडळानं परिविक्षेवर (म्हणजे नीट वागण्याच्या हमीवर, देखरेखीखाली) सोडलेला सोळा वर्षांचा मुलगा आहे, आठवड्यातून एकदा त्याच्याकडे बघाल का? परिविक्षा अधिकारी मॅडमना सारखं येणं जमत नाही. पोरगा गॅरेजवर कामाला, दहावी अर्धवट. मी नेमकं करायचं काय? वही घेऊन हजेरी मांडायची? आणि त्यानं परत काही केलं तर माझ्या गळ्यात येईल का?

पूर्वी_मंडळावर:
सर, जा, पण वही घरी ठेवा. मी सामाजिक कार्यकर्ता सदस्य म्हणून मंडळावर होते. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 18 खाली मंडळ मुलाला हमीपत्रावर पालकांकडे किंवा 'योग्य व्यक्ती'कडे सोपवतं, जास्तीत जास्त तीन वर्षं. देखरेख आणि अहवाल मॅडमचं काम. तुमच्याकडे सही मागितली, तर कशावर करतोय ते आधी त्यांनाच विचारा.

खरी भीती गल्लीची. आमच्याकडचे एक स्वयंसेवक, माणूस भला, पण दर रविवारी मुलाच्या दारात उभं राहून विचारायचे, "काय रे, नीट वागतोस ना?" अख्ख्या चाळीला ऐकू जायचं. मालकापर्यंत गेलं आणि पोराचं काम सुटलं. मुलाची ओळख छापायला कलम 74 नं बंदी आहे, चाळीच्या तोंडाला कोण बंदी घालणार? म्हणून दारात नको, गॅरेजवर तर नकोच. वाचनालयात भेटा, चार माणसांत. 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं, हे तुमच्याइतकं नीट त्याला कोण समजावणार?

योकोहामाकर:
इकडे जपानात हे काम होगोशी करतात. सुमारे 47,000 बिनपगारी स्वयंसेवक, कायदा 1950 चा. भेटी बऱ्याचदा त्यांच्याच घरी व्हायच्या. 2024 मध्ये ओत्सू शहरात एका होगोशीचा खून झाला, तेव्हापासून बाहेरच्या जागेची मागणी वाढलीय. ताईंचं वाचनालय बरोबर आहे.

माजी_हेडसर:
फॉर्मचं माझ्याकडे लागलं. पण त्यानं विश्वासानं काही सांगितलं, तर मॅडमना कळवायचं?

पूर्वी_मंडळावर:
पहिल्याच भेटीत त्याला स्पष्ट सांगून टाका. काम, अभ्यास, राहतो कुठे, हे मॅडमना कळणार. घरातली भांडणं त्याला विचारूनच. कुणाच्या जिवावर बेतेल असं काही असेल, तर त्याच दिवशी फोन, तो रुसला तरी.