'बनगरवाडी' आणि 'दुष्काळ आवडे सर्वांना' : लागोपाठ वाचल्यावर पडलेला प्रश्न

पाटोद्याची मास्तरीण :
व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) ही कादंबरी आणि पत्रकार पी. साईनाथ यांचं 'दुष्काळ आवडे सर्वांना' नुकतीच लागोपाठ वाचली. मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. दिवाळीनंतर वस्तीवरचे कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, पोरांसकट साखर कारखान्याला गेले की पट निम्म्यावर येतो, त्यामुळे दोन्ही पुस्तकं आतपर्यंत पोचली.

बनगरवाडीचा मास्तर शिकवण्याइतकाच गावाच्या कामांत अडकलेला असतो. कुणाचं भांडण, कुणाचा कागद, मग तालमीसाठी धडपड. एकशिक्षकी शाळा सांभाळलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. पण माझा जीव अडकला तो शेकूच्या बायकोपाशी. बैल एकच, तेव्हा जुवाच्या दुसऱ्या बाजूला ती स्वतःच खांदा देते. माडगूळकर तिथे हळहळत बसत नाहीत, म्हणूनच ते वाचवत नाही.

साईनाथांचं पुस्तक वेगळ्याच जातीचं. मूळ इंग्रजी १९९६ चं. पलामू, कलाहांडी, झाबुआ, रामनाड अशा जिल्ह्यांत फिरून लिहिलेले वृत्तांत. गोड्डात सायकलवर दोन-अडीचशे किलो कोळसा लादून मैलोन्‌मैल ढकलत नेणारी माणसं आहेत. दुष्काळाच्या नावावर आलेला पैसा कुठे जिरतो हे ते गावाचं नाव घेऊन दाखवतात. टँकर, ऊसतोडीला मजूर नेणारा मुकादम आणि त्याने आगाऊ दिलेली उचल रोज बघणाऱ्याला ते पटायला वेळ लागत नाही.

आता प्रश्न. बनगरवाडीत दुष्काळ आभाळातून येतो, गाव मेंढरं घेऊन उठून जातं आणि दोष कुणाचाच नसतो. साईनाथ वाचल्यावर हे मला खुपायला लागलंय. तुम्हाला काय वाटतं?

आटपाडीकर :
ताई, मी बनगरवाडीच्याच भागातला, माणदेशातला. दोष लावणं हे या कादंबरीचं काम नाही असं माझं ठाम मत आहे. कोवळ्या वयाच्या मास्तरला जेवढं दिसतं तेवढंच माडगूळकर सांगतात. तरी एक बघा, तालमीसाठी संस्थानचा राजा गावात येतो, सगळी वाडी हरखून जाते. पुढे पाऊस दगा देतो तेव्हा वाडी एकटी असते. लेखकाने बोट दाखवलं नाही, पण दोन्ही गोष्टी समोर ठेवल्यात.

नलिनी, सोलापूर :
या दोन्हींच्या जोडीला शंकरराव खरातांचं 'तराळ-अंतराळ' (१९८१) हे आत्मचरित्र वाचाच. खरात आटपाडीचे, म्हणजे माणदेश तोच, फक्त बघणारा महारवाड्यातला आहे. वडिलांकडे तराळकी, म्हणजे गावची पडेल ती कामं करण्याची चाकरी. त्यातला विहिरीतल्या प्रेताचा प्रसंग मला अजून छळतो. वडील उपाशीपोटी प्रेत राखत बसलेत. फौजदार येतो आणि त्यांनाच विहिरीत उतरायला लावतो. आत साप आहे. भाकरी घेऊन आलेला मुलगा हे सगळं काठावरून बघतोय. दोष कुणाचा, हे तिथे कुणाला विचारावं लागत नाही.

साईनाथांबद्दल एक सांगते. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईच्या बायका सायकल शिकतात तो भाग सोडू नका. पाणी आणायला, मजुरीला, बाजाराला कुणावाचून अडत नाही म्हटल्यावर बाई कशी बदलते, ते त्यात आहे.

पाटोद्याची मास्तरीण :
नलिनीताई, सायकलचा भाग सातवीच्या मुलींना वाचून दाखवला. एकीने लगेच विचारलं, "बाई, साडी नेसून कशी चालवली असेल?" त्यावरच पूर्ण तास गेला. 'तराळ-अंतराळ' शनिवारी तालुक्याच्या वाचनालयात बघते.

आटपाडीकर दादा, राजाचा मुद्दा पटला, पण पुरता नाही. मास्तर सरकारी माणूस आहे. पोरं कारखान्याला निघाली की ती मागे राहून शिकावीत म्हणून आम्ही हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पाठवतो, मंजूर होवो न होवो. असा एखादा वर पाठवलेला कागद आणि त्याला आलेलं उत्तर मला कादंबरीच्या शेवटच्या भागात हवं होतं.