मदत हवी आहे: आंतरविद्यापीठ क्रीडास्पर्धांचा कारभार कोणाचा, खर्च कोणाचा आणि दाद कोणाकडे मागायची?

जमाखर्च

नमस्कार. मी व्यवसायाने सहकारी संस्थांचा लेखापरीक्षक आहे. पैसा कोणाच्या सहीने निघाला आणि कोठे पोहोचला हे शोधण्यात माझे आयुष्य गेले, तरीही माझ्या मुलीच्या एका साध्या प्रवासदेयकाचा माग मला गेले आठ महिने लागलेला नाही. म्हणून हा धागा काढत आहे.

मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असून कंपाउंड (कप्प्या लावलेल्या धनुष्याच्या) प्रकारात धनुर्विद्या करते. गेल्या हंगामात तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली आणि उत्तर भारतातील एका विद्यापीठाने भरवलेल्या अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला ती गेली. प्रवासाला निघायच्या अवघे पाच दिवस आधी संघ व्यवस्थापकांनी सांगितले की तसलमात, म्हणजे खर्चासाठीची आगाऊ रक्कम, अजून मंजूर झालेली नाही, तेव्हा मुलांनी आपापली तिकिटे काढावीत, परत आल्यावर देयक लावू. मुले गेली. धनुष्याची पेटी शयनयान डब्यातील बर्थखाली मावेना, म्हणून मुलीने ती बर्थवरच आडवी ठेवली आणि दोन रात्री पाय दुमडून तिच्या कडेला झोपली. पूर्वी अशा प्रवासाला रेल्वेची सवलत मिळत असे. मार्च २०२० मध्ये रेल्वेने बहुतेक सवलती स्थगित केल्या, त्यात खेळाडूंचीही गेली. मुलगी परत आली, तिकिटे आणि यजमान विद्यापीठाचे उपस्थिती प्रमाणपत्र जोडून देयक दिले, आणि तेव्हापासून ‘वर पाठवले आहे’ एवढेच उत्तर मिळते. विद्यापीठाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मुलीला अजून दोन हंगाम तेथेच खेळायचे आहे.

रक्कम फार मोठी नाही. जिच्या धनुष्याला आणि बाणांना मिळून लाखांत पैसे गेले आहेत, तिच्या बापाला रेल्वेचे भाडे जड जाते असे मी म्हणणार नाही. मात्र त्याच संघात दोन मुले अशी होती की ज्यांच्या घरी त्या तिकिटांसाठी उसनवारी करावी लागली.

मी जेवढे शोधले ते येथे मांडतो. चुकत असल्यास जाणकारांनी दुरुस्त करावे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘क्रीडा’ हा विषय राज्यसूचीत, ३३व्या नोंदीत आहे. शिक्षण मात्र १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेले. म्हणजे विद्यापीठाचा खेळाडू खेळाडू म्हणून राज्याच्या पदरात पडतो आणि विद्यार्थी म्हणून राज्य व केंद्र या दोघांच्या. केंद्रातही शिक्षण मंत्रालय वेगळे आणि युवक कल्याण व क्रीडा मंत्रालय वेगळे. या सगळ्यांच्या मधोमध भारतीय विश्वविद्यालय संघ, म्हणजे ज्याला आपण एआययू म्हणतो, तो उभा आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धांचे वेळापत्रक, पात्रतेचे नियम आणि यजमानपदाचे वाटप हे सर्व त्याच्याकडे. माझी समजूत होती की हे सरकारी खाते असणार. प्रत्यक्षात १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ म्हणून सुरू झालेली आणि १९६७ साली संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवलेली ती एक संस्था आहे आणि तिचे सदस्य विद्यापीठे आहेत. परदेशी पदवीला समकक्षतेचे पत्र देणारी संस्थाही हीच. पुतण्याच्या पदवीसाठी मी पूर्वी तिच्याशी पत्रव्यवहार केला होता, तेव्हा तिचा धनुष्यबाणाशी काही संबंध असेल असे स्वप्नातही वाटले नव्हते.

दुसऱ्या बाजूने पाहावे तर प्रवेशाच्या पावतीवर क्रीडा शुल्क आहे, विद्यापीठाचा वाटा आहे आणि राज्यपालांच्या आश्रयाने भरणाऱ्या राज्य आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवासाठी ‘अश्वमेध’ नावाचीही एक ओळ आहे. प्रत्येक ओळ दोन आकडी, पण विद्यापीठाच्या सर्व महाविद्यालयांतील लाखो विद्यार्थ्यांशी गुणाकार केला की रक्कम बरीच होते.

तेव्हा मला हे जाणून घ्यायचे आहे की अखिल भारतीय स्पर्धेचा प्रवास आणि दैनिक भत्ता ही जबाबदारी नियमाने कोणाची, एआययूची, यजमानांची की आमच्या विद्यापीठाची. केंद्राचा पैसा या वाटेवर नेमका कोठे येतो. आणि देयक अडले तर खेळाडूने स्वतः दाद कोणाकडे मागावी. शक्य असेल त्यांनी आपल्या अनुभवासह लिहावे.

चुन्याची रेघ

जमाखर्च यांस नमस्कार. मी एका अनुदानित महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालक म्हणून तीस वर्षे काम करून निवृत्त झालो, आणि संघ व्यवस्थापक म्हणून किती दौरे केले याची मोजदाद ठेवलेली नाही. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: संघाचा प्रवास, भत्ता आणि गणवेश हा पाठवणाऱ्या विद्यापीठाचा खर्च. मैदान, पंच आणि स्पर्धेची व्यवस्था यजमान विद्यापीठ पाहते. एआययू स्पर्धा नेमून देते, नियम लावते, निकाल नोंदवते. आपल्या मुलीला भाडे देण्यासाठी एआययूकडे थैली नाही. तेव्हा दिल्लीला पत्र लिहिण्यात वेळ घालवू नये.

केंद्राचा पैसा कोठे येतो, हे थोडे विस्ताराने सांगतो, कारण येथेच बहुतेक पालकांचा घोटाळा होतो. केंद्राच्या खेलो इंडिया योजनेतील विद्यापीठ स्पर्धा २०२० साली भुवनेश्वरला सुरू झाल्या. त्यांत कोणी खेळायचे हे एआययूच्या स्पर्धांतील क्रमवारीवरून ठरते, साधारणपणे पहिले आठ. त्या स्पर्धांत मात्र प्रवास, निवास आणि गणवेश यांचा भार केंद्राच्या योजनेवर असतो. म्हणजे खेळाडूने ज्या पायरीवर स्वतःला सिद्ध करायचे ती पायरी विद्यापीठाच्या आणि पुष्कळदा बापाच्या पैशावर, आणि सिद्ध झाल्यावरची पायरी सरकारच्या पैशावर. आठवा आणि नववा यांच्यात अर्ध्या गुणाचा फरक असतो, पण एकाच्या अंगावर सरकारी ट्रॅकसूट येतो आणि दुसरा स्वतःच्या तिकिटाची झेरॉक्स सांभाळत बसतो. खेलो इंडियाचा खेळाडू म्हणून निवड झालेल्यांना दरमहा १०,००० रुपये भत्ता मिळतो, पण ती निवड वेगळी. नुसते विद्यापीठाकडून खेळून तो मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोग पंचवार्षिक योजनांच्या काळात इनडोअर हॉल आणि साहित्यासाठी अनुदान देत असे. आमच्या महाविद्यालयाची व्यायामशाळा त्यातूनच उभी राहिली. तो पैसा इमारतीचा होता, दौऱ्याचा कधीच नव्हता.

आता आपल्या देयकाविषयी. आपण लेखापरीक्षक आहात, म्हणून चटकन लक्षात येईल. अखिल भारतीय स्पर्धांची गर्दी डिसेंबर ते मार्च या काळात असते आणि आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. त्यातच संघ व्यवस्थापक हा कोणत्या तरी महाविद्यालयातला शिक्षक असतो. तसलमात त्याच्या नावावर निघते, देयकही त्याच्याच नावावर लागते, आणि त्याच्या आधीच्या एखाद्या दौऱ्याचे समायोजन, म्हणजे हिशेब देऊन तसलमात मिटवणे, राहिले असेल तर वित्त व लेखा विभाग पुढचे काहीच हलवत नाही. मी स्वतः एकदा हॉटेलच्या एका हरवलेल्या पावतीपायी बारा कबड्डीपटूंचे पैसे पाच महिने अडकवून ठेवले होते. ते अजूनही भेटले की मला त्याची आठवण करून देतात, आणि मी चहाचे पैसे देतो. तेव्हा प्रथम दौऱ्याच्या कार्यालयीन आदेशाचा जावक क्रमांक मिळवा आणि व्यवस्थापकांच्या नावावर कोणती तसलमात प्रलंबित आहे ते विचारा.

तिसरा बाण

वरील दोघांचेही लिखाण वाचले. मी विद्यापीठाकडून तीन वर्षे खेळले आणि आता वकिली करते.

दाद मागण्याच्या बाबतीत माझा सल्ला असा की भावनिक अर्ज करण्याऐवजी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा. विद्यापीठ हे निःसंशय सार्वजनिक प्राधिकरण आहे. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत, आणि उत्तर न आल्यास प्रथम अपील. दौऱ्याच्या आदेशाची प्रत, मंजूर तसलमात, देयकावरील सर्व टिपण्या आणि त्या वर्षीचे क्रीडा शुल्काचे जमा व खर्च एवढे मागावे. ‘पैसे का दिले नाहीत’ असे विचारू नये. ‘का’ या प्रश्नाला त्या कायद्यात हमखास उत्तर मिळत नाही, टिपणीची प्रत मात्र द्यावी लागते.

२०२५ सालच्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने राष्ट्रीय क्रीडा मंडळ आणि क्रीडा न्यायाधिकरण आणले आहे, म्हणून तेथे जाता येईल का असे आपल्याला वाटेल. तो कायदा ऑलिंपिक समिती, पॅरालिंपिक समिती आणि खेळवार महासंघ यांच्याभोवती रचलेला आहे. विद्यापीठाच्या लेखा विभागात अडलेल्या भाड्यासाठी ती वाट नव्हे. आपल्या मुलीचा राष्ट्रीय संघ निवडणारा धनुर्विद्या महासंघ वेगळा आणि विद्यापीठांचा भारतीय संघ पाठवणारा एआययू वेगळा, या दोन शिड्या आहेत हेही तिला आताच सांगून ठेवावे. जागतिक विद्यापीठ स्पर्धांसाठी नावे एआययूकडूनच जातात. २०२३ साली चीनमधील चेंगडूला भारताने ११ सुवर्णांसह २६ पदके मिळवली, त्याआधीच्या सर्व स्पर्धांच्या बेरजेपेक्षा अधिक, आणि त्यात धनुर्धरांचा वाटा मोठा होता. पण २०२५ साली जर्मनीत निवडलेल्या १२ बॅडमिंटनपटूंपैकी ६ जण नावांच्या नोंदणीतील चुकीमुळे कोर्टवर उतरूच शकले नाहीत. नेम कितीही चांगला असला तरी कागद दुसऱ्याच्या हातात असतो, हे विसरू नये.

आणि एक गोष्ट, जी मला देयकापेक्षा महत्त्वाची वाटते: प्रपत्र ३. केंद्र सरकारच्या खेळाडू कोट्यातील भरतीसाठी आंतरविद्यापीठ स्पर्धेचे प्रमाणपत्र याच नमुन्यात लागते, आणि त्यावर विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखाची सही लागते. यजमानांनी दिलेले रंगीत प्रमाणपत्र तेथे पुरत नाही. माझ्या बरोबरीच्या एका मुलीला नोकरीचा अर्ज भरताना हे कळले, तोवर तिच्या काळचे संचालक निवृत्त झाले होते आणि जुन्या संघयाद्या गोदामात गेल्या होत्या. हंगाम संपला की त्याच महिन्यात ते करून घ्यावे.

जमाखर्च

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे.

चुन्याची रेघ यांचा अंदाज अक्षरशः खरा ठरला. माहितीचा अर्ज टाकण्यापूर्वी मी स्वतः जाऊन लेखा विभागातील लिपिकाला भेटलो. त्यांनी सौजन्याने धारिका उघडून दाखवली. देयकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘मागील तसलमात प्रलंबित’ असा शेरा होता आणि ती तसलमात दोन वर्षांपूर्वीच्या एका वेगळ्याच खेळाच्या दौऱ्याची होती, ज्याच्याशी आमच्या मुलांचा काडीचा संबंध नव्हता. व्यवस्थापकांना मी दोष देत नाही. त्या दौऱ्यात त्यांनी स्वतःच्या खिशातून एका मुलाच्या दवाखान्याचा खर्च केला होता आणि त्याला लेखाशीर्ष, म्हणजे तो खर्च वहीत टाकायचे सदर, सापडत नव्हते. ते प्रकरण मी त्यांच्याबरोबर बसून समायोजनाच्या नमुन्यात लिहून दिले. आमचे देयक आता पुढे सरकले आहे, पैसे अजून यायचे आहेत.

मला त्या धारिकेत खटकले ते वेगळेच. आम्ही कोणत्याही संस्थेचा ताळेबंद तपासताना धनकोंची, म्हणजे संस्था ज्यांचे देणे लागते त्यांची, यादी मागतो. येथे विद्यापीठाच्या वहीत माझ्या मुलीचे नाव धनको म्हणून कोठेच नाही. तिने पैसे दिले, ती खेळली, पण देणे आहे ते व्यवस्थापकांच्या नावावर. एआययूच्या यादीत सदस्य विद्यापीठ, विद्यापीठाच्या यादीत सदस्य महाविद्यालय. खेळाडूचे नाव फक्त संघाच्या यादीत, अनुक्रमांकासह. येत्या हंगामापासून प्रवासभाडे थेट खेळाडूच्या बँक खात्यात जमा करावे, अशी विनंती करणारा अर्ज मी क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळाला उद्देशून लिहीत आहे. एखाद्या विद्यापीठात असे आधीच होत असेल तर तेथील परिपत्रकाची प्रत कोणी येथे द्यावी. पूर्वीचा दाखला असला की मंजुरीची टिपणी लिहिणे सोपे जाते.

प्रपत्र ३ चा अर्ज काल दिला. संचालकांची सही शुक्रवारी मिळेल असे सांगितले आहे.