चियांग माईत निवृत्तीनंतर: भाड्याने की मालकीने?

प्रश्न: आम्ही दोघे निवृत्तीनंतर थायलंडमध्ये चियांग माईला राहणार आहोत. तिथे घर विकत घ्यावे की भाड्याने राहावे?

उत्तर १: परदेशी माणसाला तिथे जमीन सहसा स्वतःच्या नावावर घेता येत नाही. कॉन्डोमिनियममधील सदनिका घेता येते, मात्र एका इमारतीत ४९ टक्के क्षेत्रफळापर्यंतच परदेशी मालकी चालते आणि रक्कम परकीय चलनात बाहेरून आणावी लागते.

उत्तर २: आधी वर्षभर भाड्यानेच राहा. नोव्हेंबरात आमच्या बाल्कनीतून दोई सुथेपचा डोंगर लख्ख दिसत असे. मार्चमध्ये शेते जाळल्याचा धूर असा दाटला की डोंगर दिसेनासा झाला, हिचा दमा बळावला आणि आम्ही अनामत रकमेवर पाणी सोडून समुद्रकाठच्या हुआ हिन शहरात हललो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे, मार्चमध्येच पाहणीला जातो.