दहा कुमारींची गोष्ट: शहाण्या पाचजणींनी तेल का दिलं नाही?

वानवडीची ताई:
जय ख्रिस्त. आमच्या चर्चमध्ये मी संडे स्कूलचा मधला गट घेते, तिसरी ते पाचवीची मुलं. आगमनकाळ (नाताळाआधीचे आठवडे) सुरू झाला म्हणून या रविवारी मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातली, येशूने सांगितलेली दहा कुमारींची गोष्ट घेतली: दहाजणी दिवे घेऊन वराची, म्हणजे परत येणाऱ्या येशूची, वाट बघतात; पाच शहाण्यांकडे जादा तेल असतं, पाच मूर्खांकडे नसतं; शहाण्या तेल देत नाहीत, मूर्ख ते विकत आणायला जातात तोवर वर येतो आणि दार लागतं. पणत्या, तेलाची बाटली, फेटा बांधलेला नवरदेव, सगळा जामानिमा. गोष्ट चांगली रंगली. "आमचे दिवे विझत चाललेत, थोडं तेल द्या" इथे आलो आणि चौथीतली एक चिमुरडी उठून म्हणाली, "ताई, डबा वाटून खा म्हणता ना तुम्ही? मग ह्या शहाण्या कशा? ह्या तर कंजूष!" सगळा वर्ग तिच्या बाजूने. "पुढच्या रविवारी सांगते" म्हणून वेळ मारून नेली.

तेल म्हणजे पवित्र आत्मा, हे उत्तर मला पाठ आहे. पण नऊ वर्षांच्या पोरीला त्यातून काय उमगणार? "तयार राहा" म्हटलं की आमच्या पोरांना नाताळची तयारी आठवते: तारा लावायचा, करंज्या, कॅम्पातून नवे कपडे, नाटकाची प्रॅक्टिस. (मोठ्यांचं तरी काय वेगळं आहे!) आत्मिक तयारी रोजच्या वागण्यात दाखवायची कशी? कुणी ही गोष्ट मुलांना शिकवली असेल तर सांगा.

रात्रपाळी:
उत्तर नाही, तक्रार आहे. लहानपणी ही गोष्ट आम्हाला धाक घालायलाच सांगायचे. दार लागलं, आता बसा बोंबलत. रात्री जाग आली आणि आई अंथरुणात दिसली नाही की वाटायचं, प्रभू येऊन सगळ्यांना घेऊन गेला, मी तेवढा राहिलो. आई मोरीत असायची. आता खराडीत रात्रपाळी करतो. रविवारी उपासनेत उपदेश सुरू झाला की डोळे मिटलेच. मी कुठल्या पाचांत? माझं ऐकाल तर पोरांना ही गोष्ट सांगूच नका.

खडकीचे काका:
आधी झोपेचं बघू. गोष्ट परत वाचा. वराला उशीर झाला तेव्हा दहाच्या दहाजणी पेंगल्या आणि झोपी गेल्या. शहाण्यासुद्धा. त्याबद्दल त्यांना कुणी बोल लावलेला नाही. फरक पडला तो घरून निघतानाच, दिव्याबरोबर भांड्यात वेगळं तेल घेतलं की नाही एवढ्यावर. उपदेशात डुलकी लागली म्हणून तुमचं दार लागत नाही. (आमचे काही उपदेशकही त्याला हातभार लावतात.)

आता ताईंचं. तेल म्हणजे काय यावर चर्चच्या सुरुवातीच्या काळातल्या थोर शिक्षकांचंही एकमत नाही. ख्रिसोस्तमने दानधर्म म्हटलं, ऑगस्टिनने प्रेम. मी मत्तयालाच विचारतो. सातव्या अध्यायात, डोंगरावरचं प्रवचन संपताना, येशू म्हणतो की मला 'प्रभू, प्रभू' म्हणणारा प्रत्येकजण आत येणार नाही, माझ्या पित्याच्या इच्छेप्रमाणे वागणारा येईल. बाकीच्यांना, "माझी तुमची ओळख नव्हती." आणि लगेच खडकावर घर बांधणारा शहाणा आणि वाळूवर बांधणारा मूर्ख. पंचविसाव्यात दाराबाहेरच्या पाचजणी तशीच हाक मारतात, आतून उत्तरही तसंच येतं, आणि शहाणे-मूर्ख ही जोडीही पुन्हा भेटते. खडकावर कोणाचं घर? ऐकून तसं वागणाऱ्याचं. म्हणून मी तेल म्हणजे रोज पाळलेलं वचन समजतो. ते द्यायची इच्छा असली तरी देता येत नाही.

मी खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीत नोकरी केली. गेटवर काडेपेटी, विडी, लायटर काढून ठेवायचं, झडती द्यायची, मग आत. झडती घेणारा हवालदार आपल्याच चाळीतला, काल रात्री आपल्याकडे जेवलेला, तरी खिसे उलटे करून दाखवायचेच. नवी पोरं कुरकुरायची, "आज काय होणार आहे काका?" आज काही व्हायचं नसतंच. पण माझा खिसा रिकामा आहे म्हणून शेजारच्याच्या खिशातली काडेपेटी चालत नाही. आज्ञापालन मी तिथे शिकलो, चर्चमध्ये नंतर.

आणि त्या मुलीला आधी शाबासकी द्या. तिचं बरोबर आहे. त्याच अध्यायाच्या शेवटी, न्यायाच्या दिवशी, राजा उजवीकडच्यांना काय म्हणतो? भुकेल्याला खायला दिलंत, तान्हेल्याला पाणी, उघड्याला कपडे. म्हणजे डबा वाटायचाच. गंमत म्हणजे त्या लोकांना ते आठवतही नाही, "प्रभू, कधी दिलं आम्ही?" असं विचारतात. इतकं ते अंगवळणी पडलेलं. मुलांना सोमवार ते शनिवार एकच काम द्या. आईने एकदा हाक मारली की उठायचं. दुसरी हाक नाही. रविवारी मुलांना विचारू नका, आयांना विचारा.

केडगावकडची:
काकांना दुजोरा. आमच्याकडे 1905 च्या जागृतीच्या (भक्तीची मोठी लाट आली होती) साक्षी अजून सांगतात: जूनअखेर पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्या मुली रडत, पापं कबूल करत प्रार्थनेला बसल्या. पण रमाबाईंनी जानेवारीपासून रोजची प्रार्थना लावली होती, ते दोन वाक्यांत उरकतात. त्याच्याही आधीची वर्षं तर कुणी काढतच नाही. दुष्काळातून आणलेल्या मुली, त्यांना शेती, विणकाम, छापखाना शिकवायचा. रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी करत होत्या, 1922 मध्ये वारल्या तोवर तेच काम. ते छापायला मुलींनी खिळे जुळवले. उलटं अक्षर, एकेक उचलून ओळीत बसवायचं, ओळ चुकली की सोडून पुन्हा. याची साक्ष द्यायला कोण उभं राहणार? सभेत ऐकायला कंटाळवाणं वाटतं ना!

वानवडीची ताई:
आयांना विचारायचं, हे झकास. अर्ध्या आया माझ्यावरच चिडतील.
काका, मत्तय सात आणि पंचवीस मी कधी शेजारी ठेवून वाचले नव्हते. पण एक अडतंय. तेल म्हणजे आपण केलेलं, तर कृपा कुठे गेली? हे आमच्या पाळकसाहेबांसमोर बोलले तर ते लगेच बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढतील.

खडकीचे काका:
काढू द्या की. लग्नाचं बोलावणं ही कृपाच, ते कुणी कमावलं नव्हतं. पाळकसाहेबांना म्हणावं आठ, नऊ आणि दहा अशी तिन्ही वचनं सलग वाचा. कृपेने तारण, कर्मांनी नव्हे, इथवर नऊ. सत्कृत्यं करण्यासाठी आपल्याला निर्माण केलं, हे दहाव्यात आहे. आपल्याकडे नवव्यालाच "आमेन" म्हणून पुस्तक मिटायची पद्धत आहे.